आधी पासंग काढा

संग्रामपूर तालुक्यातल्या एका कपाशीच्या शेतात आम्ही जमिनीतला ओलावा मोजणारे सेन्सर पुरले होते. बोअरचं खारं पाणी देऊन दोन दिवस झाले होते. मोबाइलवर आकडा उमटला : ६१ टक्के. मी तो वहीत लिहिला, पुढे वेळ टाकली आणि मोठ्या कौतुकाने शेतमालकांना दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिलं आणि म्हणाले, "सर, एवढं पाणी असतं त म्या कपाशी कायले लावली असती? धान नसता का लावला?"

आम्ही सगळे हसलो. परतीच्या वाटेवर गाडीत बसून हिशेब केला तेव्हा हसू मावळलं. त्या जमिनीची घनता पाहता तिच्यात मातीच्या कणांमधली पोकळीच ५४ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे सगळी पोकळी काठोकाठ भरली तरी ५४ च्या वर आकडा जाणं शक्य नव्हतं. जे आमच्या लक्षात यायला गणित लागलं, ते त्या गृहस्थांच्या लक्षात नुसत्या नजरेने आलं होतं.

दुसऱ्या दिवशी १०० घन सेंटिमीटर मापाचं स्टीलचं कडं सेन्सरशेजारी ठोकून माती काढली. ओली माती १५८ ग्रॅम भरली. ओव्हनमध्ये १०५ अंशांवर चोवीस तास वाळवल्यावर १२१ ग्रॅम. उडालं ते पाणी ३७ ग्रॅम, म्हणजे आकारमानाने ३७ टक्के. सेन्सर बिघडलेला नव्हता. नवाकोरा होता, खोक्यात कारखान्याचं कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्रही होतं. ते खोटं नव्हतं, फक्त दुसऱ्याच कुठल्या तरी मातीचं होतं.

६१ आणि ३७ यांच्यातली ही दरी कुठून येते, ती कशी शोधायची आणि शोधल्यावर वहीत कशी मांडायची, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे. ती लिहिली आहे बुलढाणा जिल्ह्यातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि नव्याने संशोधनाला लागलेल्यांसाठी. पण सेन्सर आता प्रयोगशाळेत उरलेला नाही. तो ठिबकच्या पंपाजवळ आहे, बाजार समितीच्या ओट्यावर आहे, मंडळाच्या हवामान केंद्रात आहे. त्यामुळे इतरांनीही ती चाळायला हरकत नाही.

आधी शब्दाचं पाहू. कॅलिब्रेशनला शासकीय मराठीत अंशशोधन म्हणतात, कुठे अंशांकनही लिहिलेलं आढळतं. दोन्ही शब्द चांगले आहेत आणि दोन्ही कुणी बोलताना वापरत नाही. प्रयोगशाळेतला मदतनीस "मीटर कॅलिब्रेट केलं का?" असंच विचारतो. मला मात्र या विषयाचा खरा मराठी शब्द बाजारात सापडला : पासंग. "त्याच्या पासंगालाही पुरणार नाही" असं आपण सहज म्हणतो, पण पासंग म्हणजे काय ते ताजवा हाताळलेल्या पिढीबरोबर विसरत चाललं आहे. दोन्ही पारडी रिकामी असताना दांडी एका बाजूला कलते, त्या कलण्याला पासंग म्हणतात आणि तो काढण्यासाठी हलक्या पारड्याला जो खडा, चिंधी किंवा खिळा बांधतात त्यालाही पासंगच म्हणतात. चूक आणि चुकीची दुरुस्ती या दोघींना एकच शब्द आहे. विद्यार्थ्यांना शून्याची चूक शिकवताना मी आता पाटीवर आधी ताजवा काढतो.

ताजव्यात आणखी एक खोट असू शकते आणि ती जास्त लबाड असते. दांडीचे दोन हात सारखे नसले तरी पारड्यांची वजनं जुळवून रिकामा ताजवा समतोल दाखवता येतो. गिऱ्हाईक पासंग बघतं, समाधानाने मान हलवतं. चूक दिसते ती माल टाकल्यावर, आणि माल जितका जास्त तितकी ती मोठी. ती पकडायचा जुना उपाय म्हणजे माल आणि वजन यांची पारडी बदलून पुन्हा तोलणं. सेन्सरमध्ये याला उताराची चूक म्हणतात. म्हणूनच एका बिंदूवर तपासलेलं यंत्र तपासलेलं म्हणता येत नाही. निदान दोन बिंदू हवेत आणि वागणूक सरळ रेषेची नसेल तर त्याहून जास्त.

तिसरी खोट ताजव्याला नव्हती. गूळ तोलला काय आणि लोखंड तोललं काय, ताजव्याला फरक पडत नाही. सेन्सरला पडतो. तो जे मोजतो असं आपण म्हणतो, ते तो मोजतच नसतो. ओलाव्याचा सेन्सर पाणी मोजत नाही, तो मातीचा विद्युत गुणधर्म मोजतो. पाण्याचा परावैद्युतांक ८० च्या आसपास, कोरड्या मातीचा ३ ते ५, हवेचा १. या मोठ्या फरकाच्या आधाराने आकडा ताडला जातो. कॅनडातल्या जी. सी. टॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली यासाठी जे समीकरण दिलं, ते आजही असंख्य उपकरणांच्या पोटात आहे. बहुतेक खनिज मातींसाठी ते बरं चालतं. आपली भारी काळी माती मात्र त्या 'बहुतेकां'त बसेलच असं नाही.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. आपल्याकडे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या घाटाखालच्या तालुक्यांतली बरीच गावं त्यात येतात. इथे चिकणमातीचं प्रमाण भरपूर आणि भूजल खारट. क्षारांमुळे माती वीज जास्त वाहून नेते आणि कमी वारंवारतेवर चालणारा स्वस्त सेन्सर त्यालाच पाणी समजतो. आमचे ६१ टक्के हे असे आले होते. आता तेच शेत एप्रिलमध्ये पाहा. माती आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, सेन्सरच्या पात्याला चिकटलेली माती सुटते आणि मध्ये हवा शिरते. मग आकडा खऱ्याहून खाली कोसळतो. एकच सेन्सर, एकच शेत. पावसाळ्यानंतर फुगवून सांगतो, उन्हाळ्यात चोरून सांगतो. भरीला भर म्हणजे उन्हाचा परिणाम. वरच्या थरातल्या सेन्सरचा आलेख दुपारी चढतो आणि पहाटे उतरतो, जणू जमीन रोज दुपारी पाणी पिते. आमच्या एका विद्यार्थिनीने त्या लाटेवर अर्धं प्रकरण लिहून आणलं होतं. ती लाट तापमानाची निघाली. प्रकरण वाया गेलं नाही, त्याचं नाव फक्त बदललं.

आपल्याच जिल्ह्यातल्या लोणार सरोवराविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण मोजमापाचे जेवढे धडे त्या एका खड्ड्यात आहेत तेवढे कुठल्या पाठ्यपुस्तकात मला मिळाले नाहीत. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, बेसॉल्टमध्ये उल्कापाताने झालेला, सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये नोंदवलेला. पाणी खारट आणि अल्कधर्मी, पीएच १० च्या आसपास. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून क्षारप्रिय सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं. सहलीला आलेले विद्यार्थी खिशातलं पेनासारखं पीएच मीटर पाण्यात बुडवतात, आकडा वाचतात, फोटो काढतात. मी विचारतो, मीटर कुठे जुळवलं होतं? उत्तर येतं, ७ आणि ४ च्या बफरमध्ये. म्हणजे तपासणी झाली आम्लाच्या बाजूला आणि मोजणी चालली आहे विरुद्ध टोकाला. अशा पाण्यासाठी ९.२ ची किंवा १० ची बफर हवी. तेवढ्यानेही भागत नाही. पाण्यात सोडियम खूप असेल आणि पीएच चढा असेल, तर साध्या काचेचा इलेक्ट्रोड सोडियमलाही थोडाफार हायड्रोजन समजतो आणि खऱ्याहून कमी पीएच दाखवतो. खारपाणपट्ट्यातला सेन्सर क्षाराला पाणी समजला, हा सोडियमला हायड्रोजन समजतो.

दुसरा धडा वयाचा. तिथल्या आघाताने बनलेल्या काचेचं वय उष्मादीप्तीच्या पद्धतीने ५२ हजार वर्षं आलं, मागेपुढे ६ हजार. वर्षानुवर्षं हाच आकडा फलकांवर आणि पुस्तकांत होता. मग २०११ मध्ये अरगॉन समस्थानिकांच्या पद्धतीने वय आलं ५ लाख ७० हजार, मागेपुढे ४७ हजार. दहापटीहून जास्त फरक, आणि दोन्ही आकड्यांच्या मर्यादा एकमेकींच्या आसपासही येत नाहीत. मागेपुढेचा आकडा लहान आहे म्हणून मोजमाप बरोबर आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे उदाहरण उशाशी घेऊन झोपावं. मागेपुढेचा आकडा सांगतो की यंत्र स्वतःशी किती सहमत आहे. ते सत्याशी किती सहमत आहे, हे त्यातून कळत नाही. अरगॉनच्या पद्धतीत आणखी एक गंमत आहे. मूळ बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. आघाताच्या वेळी खडक वितळला, तरी त्यातला जुना अरगॉन पूर्ण निसटून गेला असेल असं नाही. थोडा मागे राहिला तर वय फुगतं. त्याचा हिशेब वेगळा करून तो वजा करावा लागतो. पारड्यात आधीच काहीतरी पडलेलं आहे, ते आधी काढायचं. म्हणजे पुन्हा पासंगच.

विषयाचं जुनेपण दाखवायला विदर्भातलंच एक नाव घेतो. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्बटन हा हिंगणघाटला २० जानेवारी १८२३ रोजी वारला. लोणारची ती नोंद झाली त्याच वर्षी. त्याच्याकडे १०० फुटी पोलादी साखळ्या दोन होत्या. एकीने मोजायचं आणि दुसरी मोजायला वापरायचीच नाही. ती फक्त पहिलीशी ताडून पाहण्यासाठी. मोजताना साखळीजवळ थर्मामीटर ठेवून प्रत्येक वेळी तापमान टिपायचं, कारण दहा अंशांच्या फरकाने शंभर फुटी पोलाद साडेतीन मिलिमीटर वाढतं. ऐकायला पासंगालाही पुरणार नाही असा आकडा. पण मद्रासजवळच्या सुमारे १२ किलोमीटरच्या पायारेषेत तोच सव्वा मीटरच्या पुढे जातो. आज आमच्या प्रयोगशाळांत दहा सेन्सर घ्यायला पैसे असतात, अकरावा नुसता कपाटात ठेवण्यासाठी घ्यायचं कुणाला पटत नाही.

पावसाचं उदाहरण जास्त जवळचं आहे, कारण त्यात पैसे आहेत. राज्यात महावेध प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि मदतीचा विचार पुढे सरकतो. म्हणजे ६४ आणि ६५ यांच्यामध्ये एक मिलिमीटर नसतो, अख्ख्या मंडळाचं पीक असतं. स्वयंचलित पर्जन्यमापकात बहुधा झोक्यासारखी दोन छोटी भांडी असतात. एक भरलं की उलटतं, दुसरं पुढे येतं आणि प्रत्येक उलटीला एक नोंद होते. तोंडाचं क्षेत्र २०० चौरस सेंटिमीटर आणि प्रत्येक उलटी अर्ध्या मिलिमीटरची धरली, तर एका उलटीला १० मिलिलिटर पाणी लागतं. लिटरभर पाणी सावकाश सोडलं की शंभर उलट्या मोजता आल्या पाहिजेत. बाटली, चिमटा लावलेली सलाइनची नळी आणि मोजायला धीर असला की झालं. तेच लिटर भराभर ओता, उलट्या शंभर भरत नाहीत. भांडं कलंडत असताना पडणारं पाणी भरलेल्याच भांड्यात जातं आणि हिशेबाबाहेर राहतं. म्हणजे ज्या धो-धो पावसासाठी नियम केला, नेमका त्यातच हा मापक कमी सांगायला बसतो. उदाहरणापुरती चार टक्के घट धरा. खरा पाऊस ६७ मिलिमीटर, नोंद ६४.३. दुरुस्तीचा वक्र काढून ठेवला असेल तर हा फरक भरून येतो. पण तो वक्र त्याच मापकाचा हवा, त्याच्या भावाचा चालत नाही.

सोयाबीनच्या ओलावा मीटरबद्दल इथे फार लिहीत नाही, त्यावर दहा गावांत दहा मतं आहेत आणि सगळी तिखट. हमीभावाच्या खरेदीत १२ टक्क्यांची अट असते. २०२४ च्या हंगामात केंद्राने ती १५ पर्यंत सैल केली. ओट्यावर ठेवलेलं मीटर दाण्याचीही वीजच मोजतं आणि धान्याचा प्रकार, दाण्याचं तापमान, नमुन्याचं वजन यांपैकी काहीही चुकलं तर एक-दीड टक्का इकडेतिकडे होतो. एकदा मी स्वतः एकाच पोत्यातला नमुना तीन मीटरवर तपासून घेतला. तीन आकडे आले आणि तिन्ही मीटरवाले आपापल्या आकड्यावर ठाम होते. वजनकाट्यांची दरवर्षी वैध मापन खात्याकडून पडताळणी होते, त्यावर मोहोर लागते. शेतकरी ती मोहोर शोधतो. ओलावा मीटरवर तो काय शोधणार?

आता मॉडेलांकडे वळतो. खरं तर पुस्तिकेचा अर्धा भाग त्यांच्यावर आहे. संगणकावरचं मॉडेल हाही एक सेन्सरच समजा, फक्त तो न दिसणाऱ्या गोष्टीचा आकडा सांगतो. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी मुंबईच्या आयआयटीने गावपातळीवरच्या जलताळेबंदाचं मॉडेल तयार केलं. त्या प्रकल्पात आपला जिल्हाही आहे. कल्पना सोपी आहे. पडलेला पाऊस चार वाटांनी जातो : वाहून, उडून आणि पिकातून, मातीत मुरून राहून, आणि खाली भूजलात. या चार वाटांचे आकडे मातीचा प्रकार, उतार, पीक यांवरून ठरवायचे. पण अशा कुठल्याही मॉडेलला जुळवताना एक सापळा असतो. समजा, नाल्यावरचा वाहता प्रवाह मोजला आणि मॉडेलच्या खुंट्या पिळत पिळत आकडा त्याच्याशी जुळवला. आलेख देखणा दिसतो. आत मात्र पावसाच्या दहा टक्के पाणी बाष्पीभवनात जास्त आणि तेवढंच भूजलात कमी धरलेलं असू शकतं. दोन चुका एकमेकींना सावरून धरतात, आणि आपण विहिरींचा सल्ला देतो तो नेमका चुकलेल्या खान्यावरून.

म्हणून एकाच गोष्टीशी जुळवू नये. प्रवाहाबरोबर विहिरीची पातळी घ्यावी, जमेल तिथे ओलावा घ्यावा. आणि ज्या वर्षांवर मॉडेल जुळवलं, त्याच वर्षांवर त्याची परीक्षा घेऊ नये. पेपर आधी दाखवून घेतलेल्या परीक्षेत सगळेच पहिले येतात. जागेचंही तसंच. आपल्या जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली असे दोन मुलूख आहेत. घाटावरचं पुष्कळ पाणी पैनगंगा आणि खडकपूर्णेवाटे गोदावरीकडे जातं, घाटाखालचं पूर्णेवाटे तापीकडे. पूर्णाही दोन आहेत, हे बाहेरच्या संशोधकाला नकाशावर दाखवावं लागतं. चिखली-मेहकरच्या उथळ मुरमाड जमिनीवर जुळवलेलं मॉडेल नांदुऱ्याच्या खोल काळ्या मातीवर चालवलं, तर ते आमच्या त्या खोक्यातल्या प्रमाणपत्रासारखंच होईल.

संगणकाच्या आधीही हे शिस्तीत चालत होतं. खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान केंद्र १९१६ पासूनचं. तिथे नदीचा वेग मोजणारं चक्र लांबलचक हौदातल्या स्थिर पाण्यातून ठरावीक वेगाने ओढतात आणि फेरे मोजतात. पाणी वाहतं न ठेवता यंत्रच चालवायचं, ही युक्ती मला फार आवडते. बंदराची किंवा नदीची छोटी प्रतिकृती तिथे बांधली की आधी तिच्याकडून जुनी, माहीत असलेली भरती नाहीतर पूर करून दाखवून घेतात. ते जमलं, तरच पुढचं, न घडलेलं विचारतात.

याच जिल्ह्यात भविष्य सांगणारी एक फार जुनी परंपरा आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, धान्यं मांडतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यात झालेले बदल पाहून पाऊस-पिकांचं भाकीत सांगतात. ऐकायला दूरदूरचे लोक येतात. मी गेलो आहे. त्यावर विश्वास ठेवावा की नाही, हा वाद मी इथे आणत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढंच विचारतो की ते भाकीत पहाटे लिहून घेतलं, तर दिवाळीनंतर ती वही पुन्हा कोण उघडतं? आणि मग लगेच दुसरा प्रश्न : तुमच्या मॉडेलची वही कोण उघडतं? पहिल्या प्रश्नाला वर्ग हसतो.

पुस्तिकेत गणित आहे, पण बेताचं. प्रत्येक प्रकरणात एक तरी प्रयोग असा आहे, जो हजार-दोन हजारांच्या सामानात होतो. एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली, ती आधीच सांगून ठेवतो. माती वाळवायच्या ॲल्युमिनियमच्या डब्यांवर मार्करने नंबर लिहू नका. एका उन्हाळ्यात अकरा डब्यांवरचे नंबर १०५ अंशांवर पुसट होऊन गेले आणि संग्रामपूरचे आणि लोणारचे नमुने एकमेकांत मिसळले. खिळ्याने कोरा, झाकणावर आणि बुडावर, दोन्हीकडे. आणि रिकामी डबी आधी तोलून घ्या.